मोतीबाईचं तिसरं आवतान

मोतीबाई भर मांडवात अडखळली, आणि सोनिवलीच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

आगऱ्यांच्या लग्नात भटजी मागाहून येतो, आधी येते ती धवलारीण. तिच्या गाण्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. ती म्हणते त्या गाण्यांना धवले म्हणतात, आणि पहिला धवला असतो आवतानाचा. म्हणजे गावदेवीपासून गेलेल्या वाडवडिलांपर्यंत सगळ्यांना नावानिशी लग्नाचं बोलावणं. त्यात एखादं नाव राहिलं की तो रुसला म्हणून समजा, आणि रुसलेला पाहुणा देव असो की माणूस, लग्नघराला ताप तो तापच. मांजर्लीची मोतीबाई ऐन तारुण्यापासून हे काम करत आलेली. बदलापूर-अंबरनाथच्या गावांत आज पोट सुटलेले जे बाप्ये दिसतात, त्यातल्या निम्म्यांच्या हळदीला तीच बसली होती.

“पयलं आवतान गो गावदेवीला,” तिनं सुरू केलं. मागच्या बायकांनी ओळ उचलली. “दुसरं आवतान अंबरनाथच्या शंभूला.” तीही उचलली. “तिसरं आवतान गो...” आणि पुढे काही नाही. तोंड उघडं, जीभ चुरचुरतेय, आणि डोक्यात नुसता धूर. तिसरं कुणाचं? आयुष्यभर जे नाव श्वासासारखं येत होतं ते कुठं गेलं? डीजेवाला वायरी जोडून ताटकळलाच होता. त्याला वाटलं बाईचं संपलं. त्यानं बटण दाबलं आणि मांडव दणाणला.

कुणी हसलं नाही, हेच मोतीबाईला जास्त लागलं. हसल्या असत्या तर तिनं दोन शिव्या हासडून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं असतं. पण बायकांनी मायेनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. धवलारणीच्या पाठीवरून असा हात फिरला की तिची सद्दी संपली म्हणायची.

घरी आली ती थेट मागच्या पडवीत जाऊन बसली. वैशाखात तिच्या नातीचं, जिज्ञासाचं लग्न ठरलं होतं. ज्या पोरीला तिनं मांडीवर घेऊन धवले गुणगुणले, तिच्याच हळदीला आता धवले म्हणणार कोण? गावात दुसरी धवलारीण उरली नव्हती. मोतीबाईच्या डोक्यातून गाणी गेली की ती गावातूनच जाणार होती, आणि ती जाताना तिला दिसत होती.

“आये, टेन्शन नको घेऊ,” मुलगा धर्मेश म्हणाला. त्याची स्वतःची टेम्पोची लाईन आहे, आणि प्रत्येक गोष्टीला त्याच्याकडे भाड्याचा उपाय असतो. “ठाण्याकडं एक यूट्यूबवाली धवलारीन हाय. नायतर रेकॉर्डिंग लावू.”

“माज्या मयताला पन रेकॉर्डिंगच लाव,” मोतीबाई म्हणाली.

तशी ती इथली नव्हे. ती खाडीकडची, मिठागरावरची. बाप मिठाचे ढीग ओढायचा, आणि ही पोर चिखलात हात खुपसून निवट्या धरायची. निवटी म्हणजे चिखलातून टुणटुण उड्या मारणारी बोटभर मासळी. ती हातात धरायला आगऱ्याचंच रक्त लागतं, असं ती सांगायची. दूध म्हणजे काय हे त्या घरात कुणाला माहीत नव्हतं. काळा चहा, तांदळाची भाकर आणि वर म्हावरा, म्हणजे मासळी. ओला मिळाला तर ओला, नाहीतर सुका. दुधाचा वास तिला तेव्हापासून नको झाला तो झालाच.

लग्न होऊन मांजर्लीत आली तेव्हा इथं टॉवर नव्हते. भातखाचरं होती, आणि खाचरांच्या टोकाला उल्हास नदी. नवरा जनू अंबरनाथच्या कारखान्यात कामाला. सासू गंगू, धवलारीण. हाताला कडक आणि जिभेला त्याहून. सूनबाईला तिनं धवले शिकवले ते समोर बसवून नव्हे. पावसाआधी सुकट निवडायला दोघी बसायच्या, गंगू एक ओळ टाकायची, मोतीनं ती उचलायची. चुकली की सुकटीची मूठ डोक्यावर. “देवाचं नाव चुकलीस? आता तुज्या बापाला पाठवू का समजूत घालायला?” संध्याकाळपर्यंत केसांना सुकटीचा वास, आणि पोटात नवा धवला. मोतीबाईला ते दिवस आठवले की अजून नाकात तो वास यायचा, आणि तोंडाला पाणी सुटायचं. सुटायचं आणि ती ते गिळून टाकायची. का, ते पुढं येईल.

सोनिवलीचं ते अडखळणं काही एकाएकी आलं नव्हतं. वर्षभर तिच्या पायांना मुंग्या यायच्या. चालता चालता चप्पल पायातून निसटायची आणि हिला पत्ताच नसायचा. जीभ लालभडक, गुळगुळीत, तिखट लागलं की आग. चेहरा पिवळट फिका, जिना चढली की धाप. सून नूतन बीट किसून द्यायची, गूळ-शेंगदाणे द्यायची. शेजारणी म्हणायच्या, वय झालं. वय झालं हे औषध आपल्याकडं फुकट मिळतं, म्हणून सगळ्यांना दिलं जातं.

एका शिबिरात रक्त कमी निघालं, मग धर्मेश तिला जवळच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरनं रीतसर विचारलं होतं, “आजी, मासे-मटण खाण्यात आहे ना?”

मोतीबाईनं तोंड उघडायच्या आत धर्मेश खो खो हसला. “अवो डॉक्टर, आमी आगरी! म्हावऱ्याशिवाय आमचा घास उतरत नाय.”

डॉक्टरही हसला. आगऱ्याला मासे खातोस का विचारणं म्हणजे मांजरीला दूध पितेस का विचारणं. त्यानं लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. मोतीबाईनं त्या गुमान खाल्ल्या, शौचाला काळं व्हायला लागलं, आणि फिकी ती फिकीच राहिली. आता तिनं तिथंच का नाही सांगितलं? तर सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, आणि त्या प्रश्नाचं उत्तर तिला धर्मेशसमोर द्यायचं नव्हतं.

जिज्ञासा उल्हासनगरला एका लॅबमध्ये टेक्निशियन. दिवसभर लोकांच्या दंडाला रबर बांधून रक्त काढायचं आणि यंत्रात घालायचं. सोनिवलीचा प्रकार कळल्यावर तिनं दुसऱ्या दिवशी सकाळी आजीच्या दंडालाही रबर बांधलं.

“माजं रगत काय तपासतंस? खारं असंल, मिठागराचं हाय,” मोतीबाई म्हणाली.

दुपारी जिज्ञासाचा फोन आला, आजीला घेऊन लगेच या. धर्मेशनं टेम्पो काढला. लॅबचे डॉक्टर हरेश उल्हासनगरातच जन्मलेले, सिंधी, पांढरे केस, मराठी आपल्यापेक्षा गोड. ते समोर सूक्ष्मदर्शक ठेवून बसले होते.

“बसा मावशी. घाबरायचं नाही हां. तुमच्या रक्तातल्या लाल पेशी मोठ्या झाल्यात.”

मोतीबाईचा चेहरा खुलला. “मोट्या? मंग बरंच झालं की! धर्मेश, ऐकलंस का रं?”

“आजी, तसं नसतं,” जिज्ञासा म्हणाली. ती डॉक्टरांकडे बघून जरा घुटमळली, मग सरळ आजीच्या पायाशी बसली. “तू लग्नघरी भाकऱ्या करायला बसतेस ना? पीठ कमी पडलं तर भाकऱ्या कशा होतात?”

“बारक्या. आनि फिक्या, पातल.”

“रक्तात लोह कमी पडलं की पेशी तशा होतात. बारक्या, फिक्या. पण समज पीठ भरपूर आहे, आणि उंडा तोडणारा हातच नाही. मग?”

“मंग काय, ह्ये मोटे रोडगे व्हतील. चार मानसांना पुरंल एवड्या पिठाचा एकच. आतून कच्चा ऱ्हाईल आनि तव्यावरच मोडंल.”

“तेच झालंय तुझ्या रक्तात. पेशी वाढतात, पण तुटून दोनाच्या चार होत नाहीत. म्हणून मोठ्या, कच्च्या, आणि मोजक्याच. अर्ध्या तर हाडांतून बाहेर यायच्या आधीच मोडतात. पंगत बसलीय आणि भाकऱ्या पुरत नाहीत, म्हणून तुला धाप लागते. आपण तुला गोळ्या देऊन पीठ ओततच राहिलो.”

“आनि तो तोडनारा हात कुटं गेला?”

“ते एक जीवनसत्त्व असतं, बी-बारा,” डॉक्टर म्हणाले. “नसांनाही तेच लागतं. पायाच्या मुंग्या, विसरणं, सगळं त्याच्यामुळे. आमच्याकडे हे रोज दिसतं, पण कडक शाकाहारी लोकांत. मच्छी खाणाऱ्यांत सहसा नाही. म्हणून विचारतो मावशी, मच्छी-मटण खाता ना?”

“अवो डॉक्टर, आमी आग...” धर्मेशनं सुरू केलं.

“बाबा, तुम्ही गप्प बसा,” जिज्ञासा म्हणाली. “तिला विचारलंय.”

मोतीबाईनं पदर सारखा केला. “नाय खात,” ती म्हणाली.

धर्मेशला कळेचना. “काय नाय खात? परवा वाकटीचं कालवन तूच केलंस!”

“केलं. खाल्लं कुनी?”

बाप्ये जेवतात पुढच्या खोलीत टीव्हीसमोर, आणि बाया जेवतात मागून स्वयंपाकघरात. बाईच्या ताटात काय आहे हे बघायला तिथं उठून जातो कोण? नूतनला ठाऊक होतं, जिज्ञासालाही. पण मोतीबाईनं दोघींना सांगून ठेवलं होतं की पोटाला मानवत नाही, आणि दोघींनी ते धरून ठेवलं. आज जिज्ञासाच्या डोळ्यांत पाणी होतं. दिवसभर जगाचं रक्त बघते आणि घरातल्या ताटाकडं बघितलं नाही, असं ती स्वतःलाच बोलत होती.

“कधीपासून सोडलंत?” डॉक्टरांनी विचारलं. “मला औषधासाठी लागेल मावशी.”

“पुराच्या सालापासून,” मोतीबाई म्हणाली. “आदी म्हावरा सुटला, मंग कोंबडी-मटन पन नको वाटाय लागलं.”

डॉक्टरांनी ते टिपलं. पण धर्मेश उभा होता तो खुर्चीत बसला.

पुराचं साल मांजर्लीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दोन हजार पाचचा तो जुलै. उल्हास नदी घराघरात शिरली होती. धर्मेश तेव्हा ऐन उमेदीचा, अंगणात दोन पावलं टाकणाऱ्या जिज्ञासाचा बाप. नदीकाठच्या गोठ्यातली म्हैस सोडायला गेला आणि पाण्यानं त्याला उचललं. म्हैस पोहून आली, धर्मेश आला नाही. दुसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर खाली एका करंजाच्या झाडाला मिठी मारून बसलेला सापडला. गावात अजून त्याला म्हैसवाला म्हणून चिडवतात.

परतताना घर जवळ आलं तसा धर्मेशनं टेम्पो नदीच्या अंगाला वळवून बंद केला. ऊन उतरत होतं. पलीकडच्या टॉवरांची सावली पाण्यात पडली होती. जिज्ञासा मधे बसली होती.

“आये, तू नवस बोलली व्हतीस.”

“बोलली व्हते.”

“माज्यासाटी?”

“नाय, म्हशीसाटी!” मोतीबाई चिडली, आणि मग नदीकडं बघत बोलू लागली. “तुजा बापूस दोर घेऊन पलत व्हता. मी इथंच उभी व्हते, गुडघाभर पान्यात. कुनाला हाक मारू? देव सगले पान्याखाली. मंग नदीलाच बोल्ले, माय, तू माजा पोर दे, मी तुजी पोरं खायची सोडते. म्हावरा म्हंजे तिची पोरंच की रं. आनि तिनं दिला तुला.”

“मना सांगायचं तरी!”

“काय सांगायचं? तू ताटावर बसनार, वाकटी उचलनार, आनि आई उपाशी म्हनून घास अडकनार. मना तुला जेवताना बगायचं व्हतं. मी वासानं मीठ वलखायचे आनि तू बोटं चाटायचास. माजा जेवन त्यातच झाला.”

धर्मेशनं स्टीयरिंगवर डोकं टेकलं आणि लहान पोरासारखा रडला. पन्नाशीकडं झुकलेला, हाताखाली चार ड्रायव्हर असलेला माणूस. रडून झाल्यावर त्याला लगेच उपाय सुचला, तो तसाच आहे. “आता बस झालं. उद्या नदीला नारल देतो, ओटी भरतो, तुजा नवस सोडवतो. उद्यापास्नं तू म्हावरा खायाचा.”

“नदीनं तिचा शबूद मोडला का?” मोतीबाई म्हणाली. “तू हाईस नं समोर? मंग मी कशाला मोडू माजा?”

“आणि मोडायची गरजच नाही,” जिज्ञासा मधे पडली. “इंजेक्शन असतं त्याचं. आधी दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला एक, कायमचं.”

मोतीबाईनं संशयानं विचारलं, “सुईत म्हावरा नाय ना?”

“नाही गं. ते जंतूंपासून बनवतात.”

“जंतू नदीतले नाय ना?”

मग तिघंही हसली. पण जिज्ञासानं एक गोष्ट लपवली नाही. रक्त सुधारेल, ते नक्की. जीभही. नसांचं आणि आठवणीचं सांगता येत नाही, उशीर झालाय. काही परत येईल, काही येणारही नाही. मोतीबाईनं ते ऐकलं आणि म्हणाली, “मंग तू आता शिकायचं. सुई एक, धवला एक. जेवडं हाय तेवडं तरी घे.”

तसं ठरलं. दवाखान्यातून सुई टोचून आल्या की पडवीत दोघी बसायच्या. सुकट नव्हती, म्हणून पुढ्यात तांदळाचं सूप. मोतीबाई ओळ टाकायची, जिज्ञासा उचलायची. सुरुवातीला ओळी तुटक यायच्या. एखादा धवला अर्ध्यात थांबायचा आणि आजी कपाळावर हात मारायची. पण महिनाभरानं जिभेची आग गेली. मग गालांवर रंग आला. जिना चढून आली आणि धाप लागली नाही, तर तिनंच नूतनला हाक मारून पुन्हा चढून दाखवलं. आणि एका सकाळी, तांदूळ निवडता निवडता, ज्याची आठवणही गेली होती तो गंगूचा एक धवला सबंध बाहेर आला. सासूनं कुठल्या ओळीला सुकटीची मूठ मारली होती तेसुद्धा आठवलं. त्या दिवशी मोतीबाई गंगूच्या फोटोसमोर बसून खूप रडली. जिवंत असताना सासूसाठी ती एवढी कधी रडली नव्हती.

सगळं काही आलं नाही. पायांच्या मुंग्या राहिल्या. मांडव सोडायचा धवला गेला तो गेलाच. आणखी एक झालं. धर्मेश टीव्हीसमोरून उठला. आता तो आपलं ताट घेऊन मागून स्वयंपाकघरात येतो आणि आईच्या शेजारी फतकल मारून जेवतो. आई वरण-भात खाते, हा वाकटी खातो, आणि मीठ बरोबर आहे की नाही ते तिला सांगतो.

वैशाखात जिज्ञासाची हळद आली. मांडव भरलेला, सोनिवलीच्या त्याच बायका मागं बसलेल्या, आणि योगायोग बघा, डीजेवालाही तोच. यूट्यूबवालीचा नंबर धर्मेशनं जपून ठेवला होता, पण खिशातून काढला नाही. मोतीबाई पाटावर बसली. पिवळ्या झालेल्या नातीकडे तिनं एकदा पाहिलं.

“पयलं आवतान गो गावदेवीला.” बायकांनी उचललं. “दुसरं आवतान अंबरनाथच्या शंभूला.” उचललं. “तिसरं आवतान गो...”

आणि ती थांबली.

नूतननं तोंडावर हात ठेवला. जिज्ञासाचे ओठ हलले, शब्द सांगायला. डीजेवाल्याचा हात बटणाकडे गेला. “हात लावशील तर याद राख!” मांडवाच्या खांबाजवळून धर्मेश ओरडला. सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. मोतीबाईही त्याच्याकडेच बघत होती. ती त्याच्यासाठीच थांबली होती. डोळे कोरडे, चेहऱ्यावर हसू. आता त्याच्यापासून लपवायचं काही उरलं नव्हतं.

“तिसरं आवतान गो उल्हासमाईला,” तिनं आवाज लावला, “जिनं माजा पोर माघारी दिला.”

ही दुसरी ओळ गंगूनं शिकवलेली नव्हती. ती कुणालाच ठाऊक नव्हती. मागच्या बायका या वेळी खरोखर अडखळल्या, एकीनंही ती उचलली नाही. ओळ तशीच मांडवात राहिली. बाप्ये धवले म्हणत नाहीत, तशी रीतच नाही. पण खांबाजवळून एक आवाज आला, जाड, बेसूर, रडून फाटलेला.

“जिनं माजा पोर माघारी दिला,” धर्मेश म्हणाला.

“माजा नाय रं, त्या नदीमायचा म्हन,” मोतीबाईनं त्याला दटावलं, डोळे पदरानं पुसले, आणि चौथं आवतान सुरू केलं.